पांढऱ्या लेबलची तबकडी

आमच्या घरात तेव्हा दोन फडकी होती, एक निळं आणि एक पांढरं. निळं बाहेरून आलेल्या वस्तूंसाठी, पांढरं घरातल्या वस्तूंसाठी. दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत भिजत पडलेली असायची आणि चुकून एकत्र झालीच तर आई दोन्ही बादल्या ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. जपानी घरात दाराच्या आत चपला काढायला एक पायरी खाली असलेला छोटा चौक असतो, त्याला गेनकान म्हणतात. बाबा विद्यापीठातून आले की तिथेच उभे राहून जाकीट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, केस झटकायचे, बॅग खाली ठेवायचे, आणि आई निळ्या फडक्याने ती बॅग तळापासून पट्ट्यापर्यंत पुसून काढायची. मग माझी पाळी. छत्री, दप्तर, सायकलची किल्ली. "पाय वर कर. तळवा दाखव. हं, जा आत." तुमची पणजी मुळात अशी नव्हती हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. पुण्यात ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि आमच्या घरात पसारा कोणी करत असेल तर तीच.

भूकंप होऊन गेला होता. आमचं सेंदाईतलं घर टेकडीवर होतं, त्यामुळे समुद्र आमच्यापर्यंत आला नाही, पण तो खाली कुठवर आला होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि दक्षिणेला, गाडीने दोन-अडीच तासांवर, अणुवीज केंद्रातून जे बाहेर पडलं होतं ते दिसत नव्हतं, त्याला वास नव्हता आणि ते पावसाबरोबर खाली येतं असं सगळे म्हणायचे. बाबा धातूंवर संशोधन करायचे. त्यांनी विभागातून किरणोत्सर्ग मोजायचं एक लहानसं यंत्र घरी आणलं होतं. ते खिडकीत धरायचे, ताटाजवळ धरायचे, माझ्या डोक्यावरून फिरवायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे.

"बघ मेधा, काही नाही. पुण्यात आपल्या घराच्या ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ धरलं तरी थोडंफार दाखवेल हे."

"ओटा काही पावसातून येत नाही, सुहास," आई म्हणायची आणि फडकं पिळायची.

मला दोघांचंही खरं वाटायचं आणि तीच अडचण होती. मी तेरा वर्षांची होते. आकडा लहान आहे हे मला समजत होतं, पण तो लहान आकडा माझ्या डोक्यावरच्या केसांत बसलेला आहे असंही वाटायचं. जमीन दिवसातून पाच-सहा वेळा हलायची. त्याआधी धोक्याची सूचना म्हणून सगळ्यांचे फोन एकदम ओरडायचे. तो आवाज मी तुम्हाला करून दाखवू शकत नाही, पण अजून कुठे त्याच्यासारखं काही वाजलं तर माझ्या हातातली वस्तू खाली पडते. गॅस महिनाभर नव्हता. लहान डब्यावर चालणारी एक शेगडी होती, तिच्यावर आई मुगाची खिचडी करायची, पिठलं करायची, आणि डबा संपेल म्हणून भात पुरता शिजायच्या आधीच बंद करून कांबळ्यात गुंडाळून ठेवायची. कांबळ्यातून काढलेल्या भाताला लोकरीचा वास यायचा. दूध बंद, पालक बंद, मासे आम्ही तसेही खात नव्हतो. मेतकूट मात्र भरपूर होतं, कारण ते भूकंपाच्या आधीचं होतं. घरातल्या सगळ्या खाण्याचे आईने असे दोनच भाग केले होते, आधीचं आणि नंतरचं.

रोज संध्याकाळी पुण्याहून सुमाआत्याचा फोन यायचा, बाबांच्या मोठ्या बहिणीचा.

"अरे, तिथे काय सोनं पुरलंय का तुझं? तिथले सगळे आपले लोक परत आले. टीव्हीवर विमानतळ दाखवत होते."

"ताई, आम्ही ठीक आहोत गं."

"तू ठीक असशील. ती पोरगी वाढत्या वयाची आहे. तिचं काही झालं तर काय सांगशील? धातूंची गोष्ट?"

बाबा हसायचे आणि फोन आईकडे द्यायचे. आई हसायची नाही.

आता किकुची-सान; सान म्हणजे आपलं 'राव'. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं कॉफीचं दुकान होतं, जुन्या लाकडी घरात, सहा टेबलांचं. भिंतीभर ग्रामोफोनच्या तबकड्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या संगीताच्या. तिथला नियम एकच होता, तबकडी वाजत असताना कोणी बोलायचं नाही. बाबांना ते फार आवडायचं. शनिवारी ते मला बरोबर न्यायचे, स्वतः कॉफी घ्यायचे आणि मला गरम दूध. किकुची-सान सत्तरीचे, शिडशिडीत, अंगावर कायम तपकिरी एप्रन. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर त्यांनी मला एक काम दिलं. मी जपानी शाळेत जायचे, पण कधीतरी परत जायचंच म्हणून आई मला घरी पुण्याहून मागवलेल्या पुस्तकांतून सगळे विषय इंग्रजीत शिकवायची, आणि माझं अक्षर फार नीटनेटकं होतं. किकुची-सानांकडे एका बाईच्या गाण्यांच्या अकरा तबकड्या होत्या. गाण्यांचे शब्द कुठे छापलेले नव्हते. ते मी ऐकून लिहून द्यायचे, मग ते शब्दकोशात बघून समजून घेणार.

त्या बाईचं नाव विनी मे टोलर. ऱ्हिदम अँड ब्लूज हे नाव त्या संगीताला नुकतं कुठे पडत होतं त्या काळात ती दक्षिणेतल्या एका गावात पियानो वाजवायची आणि गाणी रचायची. गाणी ती दुसऱ्यांना विकून टाकायची. गायलेल्यांची नावं झाली, हिचं लेबलवर बारीक अक्षरांत आलं किंवा आलंच नाही. अकरापैकी दहा तबकड्यांवर दुसरेच लोक गात होते. अकरावी तिच्या स्वतःच्या आवाजात होती. ती बाजारात आलीच नाही. कारखान्यात आधी एक-दोन नमुन्याच्या काढतात तशातली ती एक, कोऱ्या पांढऱ्या लेबलची, त्यावर पेन्सिलने तिचं नाव. किकुची-सान तरुण असताना उत्तरेतल्या अमेरिकन तळावरचा एक सैनिक घरी परत जाताना आपलं सामान विकत होता, त्याच्याकडून त्यांना ती मिळाली होती. त्यांनी अमेरिकेत खूप पत्रं पाठवली. एकच उत्तर आलं, की असं नाव इथे कोणाला माहीत नाही.

"ही शेवटी ऐकू," ते म्हणाले होते. "आधी दहा नीट होऊ दे. कान तयार होऊ दे तुझा."

ते मला एकदा असंही म्हणाले होते की या तबकड्या लाखेच्या असतात आणि जगातली बरीचशी लाख तुमच्याच देशातून यायची. "म्हणजे ती पण तुझ्यासारखीच दुरून आली," असं म्हणून ते हसले होते. माझी दहा गाणी लिहून झाली. शब्द मी इतके व्यवस्थित लिहिले होते की एका गाण्यात कोपऱ्यावर बसून रडणारा माणूससुद्धा माझ्या वहीत शाळेच्या निबंधासारखं बोलत होता. दहावं लिहून झाल्याच्या आठवड्यातच भूकंप झाला.

त्यांच्या दुकानाची कौलं घसरली आणि आतली एक भिंत खाली बसली. पांढऱ्या लेबलच्या तबकडीची त्यांनी कधीतरी कॅसेट केली होती, ती त्या भिंतीखाली गेली. तबकड्या मात्र बऱ्याचशा वाचल्या. शहरातल्या निम्म्या छपरांवर निळं प्लास्टिक होतं आणि कौलं बसवणारे कारागीर मिळत नव्हते, तेव्हा त्यांनी तबकड्या खोक्यांत भरून ओळखीच्या पक्क्या इमारतींत थोड्या थोड्या ठेवायला सुरुवात केली. बाबांनी कोणाला न विचारता हो म्हटलं. तीन खोकी आली ती नेमकी पावसाच्या दिवशी, आणि पुठ्ठा खालून भिजून काळा पडलेला.

आई गेनकानमध्ये आडवी उभी राहिली. किकुची-सान जाईपर्यंत तिने हसून मान लववली आणि दार लागल्यावर मराठीत सुरू झाली.

"ही छप्पर गेलेल्या घरातून आलीत. दोन आठवडे पावसात होती. आणि तू ती माझ्या घरात आणलीस."

"अगं, वर प्लास्टिक होतं. थांब, यंत्र आणतो."

"यंत्र राहू दे. पायरीच्या वर एक इंच यायला नकोत. आणि रुजू, तू हात लावायचा नाहीस. कळलं?"

माझं नाव ऋजुता, घरात रुजू. मी मान हलवली. पण खोकी उचलताना मी आधीच हात लावला होता. ओल्या पुठ्ठ्याचा काळेपणा माझ्या बोटांना लागला होता, आणि आई बाबांशी भांडत असताना मी तो माझ्या फ्रॉकला पुसला होता.

तीन खोकी गेनकानमध्ये राहिली. माझी खोली दाराला लागून होती. मला वाटू लागलं की त्या खोक्यांतून काहीतरी सावकाश बाहेर येतं आहे आणि माझ्या दाराच्या फटीतून आत येतं आहे. मी फटीला जुना टॉवेल लावला. घसा दुखला की मी तो आरशात बघायचे. आत्या फोनवर म्हणायची की किरणोत्सर्ग मुलांच्या गळ्यातल्या ग्रंथीत आधी बसतो; हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, पण आमच्या घराच्या आतल्या भिंती कागदासारख्या होत्या. बाबांना सांगावं तर ते यंत्र आणणार, आईला सांगावं तर ती खोकी रस्त्यावर ठेवणार. आणि त्यात विनी मे होती. तिला बाहेर काढायचं नव्हतं आणि तिच्याजवळ झोपायचंही नव्हतं. मग मला आईचाच उपाय सुचला. पुसून काढायची.

एका शनिवारी दुपारी आई दुकानाच्या रांगेत गेली होती आणि बाबा विभागात होते. मी सगळ्यात वरचं खोकं उघडलं. पांढऱ्या लेबलची तबकडी नुसत्या कागदी पाकिटात होती आणि पाकीट ओलसर होतं, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. तबकडीला पाणी लावायचं नसतं एवढं मला माहीत होतं. पाणी बंद होतं त्या दिवसांत हात पुसायला आणलेली अल्कोहोलची बाटली घरात होती. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे सांगत होते की याने सगळं स्वच्छ होतं. मी कापसाचा बोळा भिजवला आणि तबकडीच्या कडेवरून फिरवला.

बोळा काळाकुट्ट झाला.

म्हणजे खरंच होतं. आईचं खरं होतं, आत्याचं खरं होतं. मी दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसरा. जितकं पुसावं तितकं निघतच होतं. मला भीती वाटत होती आणि मुलांनो, थोडासा आनंदही होत होता, कारण आयुष्यात पहिल्यांदाच ते दिसत होतं आणि मी ते काढत होते. कडेपासून आत, गोल गोल, मी अगदी पद्धतशीर चालले होते. चौदा बोळे झाले. मग फोन ओरडले, जमीन हलली आणि मी तबकडी छातीशी धरून टेबलाखाली गेले. हलणं थांबल्यावर बाहेर येऊन बघितलं. आतल्या बाजूला, लेबलजवळ दोन बोटं रुंदीचा गोल पट्टा अजून चकाकत होता. बाकी सगळी तबकडी पाटीसारखी निस्तेज झाली होती. मी अंगठा टेकवला तर तो चिकटला, आणि उचलला तेव्हा त्याचा ठसा तिथे राहिला.

मी ती तशीच पाकिटात घातली. चौदा बोळे वर्तमानपत्रात गुंडाळून जाळायला जाणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी दाबले. जेवताना बाबांना विचारलं, "अल्कोहोलमध्ये काय काय विरघळतं?"

बाबांना असे प्रश्न आवडायचे. "शाई विरघळते, काही रंग, काही गोंद. लाख."

"लाख?"

"आठवतं का, आजोबांच्या कपाटाला पॉलिश करायला एक माणूस यायचा? तो काय करायचा? लाखेचे तुकडे स्पिरिटमध्ये भिजत घालायचा. सकाळपर्यंत काढा तयार. का गं?"

"काही नाही. शाळेत विचारलं होतं."

पुण्यातल्या कोणत्याही पॉलिशवाल्याला मी विचारलं असतं तर त्याने माझा हात धरला असता. घरात तर वस्तू कशाच्या बनतात याचाच अभ्यास करणारा माणूस बसला होता. पण ज्याला घाबरत होते त्याच्याबद्दल मी घरात तोंड उघडलं नव्हतं. ते काळं विष नव्हतं. ती विनी मेच होती, आणि ती कचऱ्याच्या पिशवीत तळाशी होती.

त्या दिवसापासून मला किरणोत्सर्गाची भीती वाटायची थांबली असं नाही. तिला एक जोड मिळाली. दाराची घंटा वाजली की मी न्हाणीघरात जायचे. रस्त्यात तपकिरी कपडे दिसले की सायकल वळवायचे. शाळा पुन्हा सुरू झाली होती, तिकडे जायचा सरळ रस्ता दुकानावरून होता, मी टेकडीला वळसा घालून जायला लागले. छपरावर कारागीर चढलेत का हे मात्र दुरून रोज बघायचे. निळं प्लास्टिक अजून होतं. जोपर्यंत ते निळं आहे तोपर्यंत मी वाचले.

अशात एका रविवारी आत्याचा फोन आला आणि आईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. आत्या म्हणाली, दोघींना पाठवून दे, तुझं काम संपलं की तू ये. बाबांचं काम संपायला दोन वर्षं होती. बाबा म्हणाले, आपण तिघं एकत्र राहू. आई म्हणाली, "रुजूला विचारू."

"तेरा वर्षांच्या मुलीवर काय टाकतेस हे, मेधा?"

"श्वास तीही घेते ना इथे?" आई माझ्याकडे वळली. "खरं सांग. तुला भीती वाटते?"

"वाटते," मी म्हटलं. "मला पुण्याला जायचंय. लवकर."

हे खोटं नव्हतं, आणि तरी मी इतकं मोठं खोटं पुन्हा कधी बोलले नाही. बाबांनी वाटीतला चमचा बाहेर काढून ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी आमची दोघींची तिकिटं काढली. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचं विमान होतं. मी मनात हिशेब केला होता की तोपर्यंत निळं प्लास्टिक काही निघत नाही.

ते त्याच्या आदल्या शनिवारीच निघालं. रविवारी सकाळी किकुची-सानांचा फोन आला; आम्ही जाणार हे बाबांनी त्यांना सांगितलं होतं. छप्पर झालं, दुकान उघडतोय, खोकी आज मिळाली तर बरं, आणि ऋजुता-चान जायच्या आधी तिच्याबरोबर ती शेवटची तबकडी ऐकायची आहे.

आई निळं फडकं घेऊन गेनकानमध्ये बसली. देताना खोकी स्वच्छ द्यायची म्हणून ती त्यांच्यावर टाकलेलं प्लास्टिक पुसत होती. "जाते एकदाची ब्याद," ती म्हणाली. "तू अशी का उभी आहेस? पोट दुखतंय?"

मी हो म्हणणार होते. पण तिने फडकं वरच्या खोक्यावर टेकवलं आणि मला रडू फुटलं.

"मी पुसली, आई. तू पुसू नकोस. मी पुसली आणि ती गेली."

"काय पुसलंस? कोण गेली?"

मी सांगितलं. क्रमाने सांगायचा प्रयत्न केला, बोळे किती ते सुद्धा सांगितलं. आईने तबकडी काढून उजेडात धरली. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण खराब झालेली वस्तू कळत होती.

"कशासाठी गं?"

"तिच्यावर विष होतं. माझ्या हाताला आधीच लागलं होतं. मी फ्रॉकला पुसलं होतं आणि तुला सांगितलं नव्हतं."

आई तशीच पायरीवर बसून राहिली. निळ्या फडक्याचं पाणी तिच्या साडीवर ठिबकत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. घरातली सगळी भीती ती एकटीच वाहते आहे अशी तिची समजूत असावी. मग ती म्हणाली, "चप्पल घाल. मी येते बरोबर." ती त्या दुकानात त्याआधी कधी गेली नव्हती.

बाबांना आम्ही टेकडी उतरता उतरता सांगितलं. त्यांच्या दोन्ही हातांत खोकं होतं, त्यामुळे त्यांना काही करता आलं नाही, नुसते चालत राहिले. "लाखेचं विचारलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले.

दुकानात नव्या लाकडाचा वास होता. किकुची-सानांनी आईसाठी खुर्ची ओढली. आई बसली नाही. तिने कमरेत वाकून, तिच्या मोडक्या जपानीत, चूक माझी आहे, मुलगी लहान आहे, असं दोनदा म्हटलं. काय झालंय ते त्यांना कळेना. मग मी पुढे झाले आणि पाकीट दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

कागद तबकडीला चिकटला होता. त्यांनी तो नखाने, कणाकणाने सोडवला. खिडकीशी जाऊन तबकडी तिरपी धरली. "अल्कोहोल?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते तबकडी टेबलावर ठेवून आत गेले. आत नळ सुरू झाला आणि खूप वेळ सुरूच राहिला. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मला वाटलं ते आता बाहेर येणारच नाहीत, आपण तिघंही इथे असेच उभे राहणार.

ते आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "बसा," ते म्हणाले. त्यांनी तबकडी चालू केली आणि तिच्यावर सुई ठेवली.

नुसती खरखर. कढईत काहीतरी करपत असल्यासारखी. सुई अडखळायची, ते बोटाच्या टोकाने तिला पुढे ढकलायचे. दुकानाचा नियम होता, कोणी बोललं नाही. आईपुढे कॉफीचा कप होता, तिने तो उचलला आणि न पुसता प्यायली. मी खरखरीकडे बघत होते, म्हणजे त्या फिरणाऱ्या पाटीसारख्या भागाकडे, आणि सुई आत आत सरकत होती. दोन मिनिटं गेली असतील. सुई चकाकणाऱ्या पट्ट्यावर आली आणि एका क्षणात खोलीत एक बाई होती. पियानोवर जाड हात पडत होते. आवाज मला वाटला होता तसा गोड नव्हता, घोगरा होता, धाप लागलेला. अर्धं-पाऊण मिनिट. मग सुई लेबलाशी जाऊन ठकठक करू लागली.

"काय म्हणाली?" किकुची-सानांनी विचारलं.

"बहिणीला सांगतेय," मी जपानीत म्हटलं. "दार लावू नकोस. मी जिन्यात आहे. माझे दोन्ही हात भरलेले आहेत."

ते पुटपुटले, "जिन्यात." मग म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटायचं, कोणीतरी हिला सोडून गेलंय."

पुढे त्यांनी विचारलं, का पुसलीस? मी विषाचं सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "मी नवीन छप्पर तीन वेळा धुवून घेतलं. कारागीर वैतागले." जपानमध्ये तेव्हा सगळे एकमेकांना, ठीक आहे, काही हरकत नाही, असं सारखं म्हणायचे. किकुची-सान तसं म्हणाले नाहीत. हरकत होती, आणि ती त्यांनी माझ्यासमोर नाकारली नाही. मी आज इतक्या वयाची झाले तरी त्यांच्याबद्दलचा आदर मुख्यतः त्यासाठी आहे. त्यांनी मला नवं पाकीट आणि पेन्सिल दिली. प्रत्येक तबकडीच्या पाकिटावर ते तिच्यातला दोष लिहून ठेवायचे, चरा, तडा, कुठे काय. "हिचं तू लिही," ते म्हणाले. "काय झालं ते, खरं, इंग्रजीत. तिकडच्या कोणी बघितलं तर त्याला वाचता यायला हवं." मी लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं.

परत चढण चढताना आईने विचारलं, "पुण्याला जायचं होतं ते यासाठी?"

"हो."

"आणि भीती?"

"ती पण आहे."

"ती मलाही आहे," आई म्हणाली. "तिच्यासाठी जायचं तर पुन्हा नीट बोलून ठरवू. या असल्या कारणासाठी बाबाला एकटं टाकून नाही जायचं." गुरुवारचं विमान आम्ही सोडलं. आत्या आठ दिवस फोनवर आईशी बोलली नाही. फडकी आणखी वर्षभर चालली, भीती त्याहून जास्त. ती पुरती गेली असं मला कधीच वाटलं नाही. तुमच्या आईच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांना मी पहिला प्रश्न सेंदाईच्या पावसाबद्दल विचारला होता.

किकुची-सान मी कॉलेजात असताना गेले. त्यांच्या भाचीने त्या अकरा तबकड्या अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाला देऊन टाकल्या, आणि तिथल्या कोणीतरी त्या इंटरनेटवर जगाला ऐकायला ठेवल्या आहेत. विनी मे टोलर आता काही लोकांना माहीत आहे. तिच्या स्वतःच्या आवाजाची दुसरी तबकडी मात्र अजून कोणालाही मिळालेली नाही. तिथे नोंद आहे की घरगुती साफसफाईमुळे तबकडीचं नुकसान झालेलं आहे, आणि माझं तेराव्या वर्षीचं अक्षर फोटोत दिसतं. तुम्ही दोघं ते गाणं ऐकाल तेव्हा सुरुवातीची दोन मिनिटं पुढे ढकलण्याचा मोह होईल, सगळेच तसं करतात. तुम्ही करू नका. ती खरखर मी केलेली आहे. ती पूर्ण ऐका, आणि मग ती बाई जिन्यातून वर येईल.